तीन टॉर्च आणि एक पांढरा ठिपका

धर्मशिक्षणाच्या वर्गात पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत एकच देव, हे शिकवण्यासाठी मी बरीच वर्षे तीन टॉर्च वापरत असे. एकावर लाल, दुसऱ्यावर हिरवा आणि तिसऱ्यावर निळा जिलेटिन कागद लावायचा, खिडक्या झाकायच्या, तिन्ही झोत भिंतीवर एकाच जागी पाडायचे आणि मधोमध उमटलेल्या पांढऱ्या ठिपक्याकडे बोट करून म्हणायचे, ‘पाहा, तीन असूनही एक.’ मुले खूश, मीही खूश. प्रयोग दिसायला इतका देखणा होता की त्यात काही चुकत असेल अशी शंका मला कधी आली नाही. ती आली एका अकरा वर्षांच्या मुलीला. तिने पुढे येऊन निळ्या टॉर्चसमोर हात धरला. ठिपका पिवळा झाला. मग तिने विचारले, ‘टीचर, निळा काढला की पांढरा उरत नाही. म्हणजे पिता एकटा पूर्ण देव नाही का?’

त्या एका प्रश्नाने माझ्या पाठाचे दोन्ही पाय निखळले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे देवाचे तीन तुकडे नव्हेत. प्रत्येक जण पूर्ण देव आहे आणि तरीही देव एकच आहे, ही ख्रिस्तसभेची (चर्चची) शिकवण आहे. माझ्या टॉर्चमधून मुलांच्या मनात उतरत होते ते नेमके उलटे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक तृतीयांश देवपण.

हा झाला श्रद्धेकडचा पाय. विज्ञानाकडचा पायही तितकाच लटका होता, आणि आठवड्याचे पाच दिवस शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मला तो दिसू नये, याची अधिक लाज वाटली. प्रकाशात मूळ रंग तीनच असतात असे काही नाही. वर्णपट सलग आहे. लाल आणि हिरवा यांच्यामध्ये कोणतीही भिंत नाही. तीन हा आकडा आपल्या डोळ्यांतून येतो, कारण आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या आहेत. सोडियमच्या दिव्याचा पिवळा आणि मोबाइलच्या पडद्यावर लाल-हिरव्या ठिपक्यांतून जमवलेला पिवळा आपल्याला सारखाच दिसतो, पण लोलकातून पाहिले तर पहिला वर्णपटाच्या पिवळ्या भागात एका जागी उभा राहतो आणि दुसरा लाल आणि हिरव्यात फुटतो. कुत्र्याच्या डोळ्यात अशा पेशी दोन प्रकारच्या असतात, अनेक पक्ष्यांच्या डोळ्यांत चार. पक्ष्यांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग भरवायचा झाला असता, तर माझ्या पद्धतीने देव चौघांत वाटावा लागला असता.

टॉर्च मी फेकले नाहीत. आजही तो प्रयोग मी करते, मात्र डोळ्याच्या पाठात. त्रैक्याच्या पाठात तो करते तेव्हा उपमा कुठे तुटते हे दाखवण्यासाठीच करते, आणि निळ्या टॉर्चसमोर हात धरायला मुद्दाम एखाद्या मुलाला बोलावते. गंमत अशी की उपमा तुटताना पाहिलेली मुले त्रैक्याबद्दल अधिक नेमके बोलू लागतात. ‘देव असा नाही’ हे कळणे हेही देवाबद्दल काही कळणेच असते.

प्रकाशाचे विज्ञान आणि श्रद्धा एकाच मुलाला शिकवायची तर खरी अडचण विरोधाची नसते. अडचण असते ती दोहोंना जुळवण्याच्या आपल्या घाईची. प्रकाश हा शब्द बायबलच्या पहिल्या पानावर आहे, योहानाच्या शुभवर्तमानात आहे, नायसियाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या प्राचीन कबुलीत, ‘प्रकाशापासून प्रकाश’ असा आहे, आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकातही आहे. शब्द एकच असल्यामुळे एका ठिकाणचा अर्थ उचलून दुसरीकडे चिकटवण्याचा मोह होतो. प्रकाश तरंगही आहे आणि कणही आहे, तसा येशू देवही आहे आणि मनुष्यही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकायला हे छान वाटते. पण फोटॉनचे, म्हणजे प्रकाशकणाचे, कोणते रूप दिसेल ते आपण कसे मोजतो यावर ठरते, आणि येशूचे मनुष्यपण पाहणाऱ्याच्या पद्धतीवर अवलंबून नाही. इ. स. ४५१ च्या कॅल्सिडन परिषदेने येशूचे दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव मिसळत नाहीत, बदलत नाहीत, तुटत नाहीत आणि वेगळे होत नाहीत असे चार नकार देऊन जे जपले, ते या उपमेत पहिल्याच वाक्याला सांडते. ही उपमा मी वर्गात आणतच नाही.

सर्वांत मोठा मोह बायबलमधल्या सृष्टिनिर्मितीच्या पहिल्या दिवसाच्या प्रकाशाचा. देव म्हणाला, ‘प्रकाश होवो’, आणि प्रकाश झाला. महास्फोटाचा सिद्धान्त सांगतो की विश्वाची सुरुवात अतिशय तप्त अवस्थेत झाली. दोन्ही शेजारी ठेवायचे आणि ‘पाहा, बायबलला आधीच माहीत होते’ म्हणायचे! मीही म्हटले आहे. त्यावर एका मुलाने सूर्य चौथ्या दिवशी का, असे विचारले, तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. खरे तर उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातला तो क्रम ख्रिस्ती धर्मपंडित संत अगुस्तीन यांनाही पाचव्या शतकाच्या आरंभी अडला होता. सूर्य नसताना दिवस कसा मोजायचा, यावर त्यांनी पाने खर्ची घातली, अनेक अर्थ चाचपून पाहिले आणि तो प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाहून वेगळा असावा, ही शक्यताही मांडली. त्याच ग्रंथात त्यांनी ख्रिस्ती लोकांना एक खणखणीत समज दिली आहे. आकाश, तारे, ग्रहणे यांबद्दल ज्याला खरी माहिती आहे अशा परक्या माणसासमोर पवित्र शास्त्राचा हवाला देऊन काहीबाही बोलू नका. तो हसेल, आणि पुनरुत्थानाबद्दल तुम्ही जे सांगता त्यावरही मग तो विश्वास ठेवणार नाही. हा सल्ला दीड हजार वर्षांपेक्षा जुना आहे आणि अजूनही धर्मशिक्षकाच्या टेबलावर लावून ठेवावा असा आहे.

आता या विषयासाठी मी मुलांना जॉर्ज लमेत्र यांची गोष्ट सांगते. ते बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ मध्ये समीकरणांतून मांडले आणि १९३१ मध्ये विश्वाचा आरंभ एका ‘आद्य अणू’पासून झाला असावा अशी कल्पना पुढे ठेवली. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात, आजचे विज्ञान त्या आद्य ‘प्रकाश होवो’चे जणू साक्षीदार झाले आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. एखाद्या धर्मगुरूला याहून मोठी पावती कोणती? पण लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त चूक ठरू शकतो, तो निरीक्षणांवर तपासला जायला हवा, आणि देवाच्या निर्मितीवरचा विश्वास अशा तपासणीला बांधून ठेवणे दोघांच्याही हिताचे नाही, अशी त्यांची धारणा होती. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे असे त्यांनी पुढे स्पष्ट म्हटले. झगा घातलेला माणूसच ‘माझे गणित प्रवचनात वापरू नका’ म्हणतो, हे ऐकताना वरच्या वर्गातली मुले सरसावून बसतात.

त्या गोष्टीचा उत्तरार्ध शुद्ध भौतिकशास्त्राचा आहे आणि तो मी सविस्तर सांगते. आरंभीचे विश्व इतके दाट आणि तप्त होते की प्रकाशकण मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर आपटत राहायचे. प्रकाश होता, पण त्याला वाट नव्हती, दाट धुक्यात दिव्याचा झोत अडकावा तसा. सुमारे तीन लाख ऐंशी हजार वर्षांनी तापमान तीन हजार केल्विनच्या आसपास उतरले, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले आणि प्रकाश सुटला. तोच प्रकाश आजही चहूबाजूंनी आपल्यापर्यंत येतो आहे. विश्व ताणले गेल्यामुळे त्याची तरंगलांबी हजारपटीहून अधिक वाढली आहे, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही, मायक्रोवेव्हच्या अँटेनाला कळतो, आणि त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ केल्विन आहे. त्याचा शोध लागल्याचे १९६५ मध्ये जाहीर झाले. ही बातमी लमेत्र यांना १९६६ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, आजारपणात समजली. इतके सांगून झाल्यावर ‘मग हाच पहिल्या दिवसाचा प्रकाश का?’ असे कोणीतरी विचारतेच. नाही, मी म्हणते. उत्पत्तीचा लेखक विश्वाचे वय सांगायला बसला नव्हता. आजूबाजूचे लोक ज्या सूर्यचंद्रांना देव मानून नमस्कार करत होते, त्यांना त्याने चौथ्या दिवसापर्यंत ताटकळत ठेवले आणि मग दिव्यांसारखे टांगले. चौथ्या दिवसाचा अर्थ मला तिथे सापडतो. दुर्बिणीत तो शोधायला गेले तर दोन्हीकडून हात हलवत परत यावे लागते.

मुलांच्या हाताला काम हवे असते, म्हणून आमच्या वर्षातला सर्वांत मोठा तास इंद्रधनुष्याचा. गोल बुडाचा काचेचा चंबू पाण्याने काठोकाठ भरायचा. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्याला चंबूच्या पोटाएवढे गोल भोक पाडायचे. पुठ्ठा उन्हात असा धरायचा की भोकातून आलेले ऊन थेट चंबूवर पडेल, आणि मग पुठ्ठ्याच्या चंबूकडच्या बाजूला पाहायचे. पहिल्यांदा कोणालाच काही दिसत नाही, कारण सगळे जण चंबूच्या मागे रंग शोधत असतात. मग कोणीतरी वळते आणि ओरडते. भोकाभोवती पुठ्ठ्यावर फिकट रंगीत वलय उमटलेले असते. बाहेरच्या कडेला लाल, आतल्या कडेला जांभळा. चंबू पुठ्ठ्यापासून तीस सेंटिमीटरवर असेल तर वलयाची त्रिज्या सत्तावीस सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि वरच्या वर्गातली मुले त्यावरून कोन काढतात: बेचाळीस अंश. किरण पाण्यात शिरताना वाकतो, मागच्या भिंतीवरून परततो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो. प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो. तो चंबू म्हणजे पावसाचा एक थेंब, फक्त हातात धरण्याएवढा मोठा.

वलय दिसल्यावरच मी सांगते की चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रायबेर्गचे थिओडोरिक नावाचे डोमिनिकन संन्यासी पाण्याने भरलेला काचेचा गोल घेऊन हेच करत होते, आणि त्याच सुमारास इराणात कमालुद्दीन अल-फारसी हे मुस्लिम विद्वान त्यांचा पत्ताही नसताना त्याच उत्तराला पोहोचले होते. दोघांच्या पाठीशी तीनशे वर्षे आधीच्या इब्न अल-हैथम यांच्या प्रकाशशास्त्राचा आधार होता. बेचाळीस अंशांचा आकडा तर त्याआधीच, १२६७ च्या सुमारास, रॉजर बेकन या फ्रान्सिस्कन संन्याशाने मोजून पोपकडे धाडलेल्या ग्रंथात लिहून ठेवला होता. संन्याशांची ही यादी मी ‘आपलीच माणसे पुढे होती’ हे मिरवण्यासाठी सांगत नाही. तशी सांगितली तर अल-फारसी वगळावे लागतील आणि गोष्ट खोटी होईल.

मग बायबलमधल्या नोहाचा प्रश्न येतो, आणि तो न चुकता येतो. जलप्रलयानंतर, असा प्रलय पुन्हा आणणार नाही या वचनाची खूण म्हणून, देवाने धनुष्य मेघांत ठेवले. त्याआधी प्रकाश वाकत नव्हता का? वाकत होता. पाणी होते, ऊन होते, कोनही तोच होता. मी मुलांना आईच्या बोटातल्या अंगठीबद्दल विचारते. लग्नाच्या आदल्या दिवशी ती अंगठी सोन्याचीच होती, वजनही तेवढेच होते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर एक वचन बसले. सोनाराच्या काट्यावर ते वचन दिसत नाही, आणि त्यासाठी कोणी सोनाराला दोष देत नाही. एका मुलाने यात भर घातली, ती मला सुचली नव्हती. तो म्हणाला की इंद्रधनुष्य प्रत्येकाला स्वतःच्याच जागेवरून दिसते, शेजारच्याचे धनुष्य वेगळ्या थेंबांचे असते, म्हणजे देवाने प्रत्येकाला वेगळे वचन दिले. धर्मशास्त्र म्हणून हे तपासून घ्यायला हवे. भौतिकशास्त्र म्हणून मात्र पूर्ण बरोबर आहे.

काही उपमा विज्ञान कळल्यावर मोडत नाहीत, उलट अधिक धारदार होतात. ख्रिस्त सूर्य आणि ख्रिस्तसभा चंद्र, ही उपमा चौथ्या शतकात संत अंब्रोज यांनीही वापरली. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही हे मुलांना ठाऊक असते. पण चंद्राची जमीन मुळात किती काळी आहे, हे ठाऊक नसते: पडलेल्या उन्हापैकी सरासरी बारा टक्क्यांच्या आसपासच ती परत पाठवते, जवळजवळ जुन्या डांबरी रस्त्याइतके. पौर्णिमेचे ते पांढरेशुभ्र ताट म्हणजे काळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर उन्हात पडलेला रस्ता. ख्रिस्तसभेचा इतिहास शिकवताना हा आकडा मला फार उपयोगी पडतो. गॅलिलिओ यांच्यावर १६३३ मध्ये चाललेला खटला त्याच तासात येतो, आणि तो मी ‘त्या काळची परिस्थिती पाहता’ अशा कापसात गुंडाळत नाही. खटला चुकीचा होता आणि चूक कबूल व्हायला १९९२ साल उजाडावे लागले. स्थानबद्धतेत असतानाच त्यांनी लिहून पूर्ण केलेल्या आणि १६३८ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात प्रकाशाचा वेग मोजण्याची युक्ती आहे: दोन माणसे, दोन झाकलेले कंदील, एकाने उघडला की दुसऱ्याने उघडायचा. मुले अंधारात हे करून पाहतात आणि हाती लागतो तो एकमेकांच्या हातांचा आळस, कारण एक मैल अंतर प्रकाश सेकंदाच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी वेळात ओलांडतो.

पास्काच्या (ईस्टरच्या) आधीच्या आठवड्यात मेणबत्ती. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर जाड मेणबत्ती उभी करून पेटवायची आणि आकड्याकडे पाहत बसायचे. अर्ध्या तासात आमची मेणबत्ती तीन ग्रॅमने हलकी झाली. मग ती फुंकायची आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला वरूनच जळती काडी लावायची. ज्योत रेषेवरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. जळते ते मेण नव्हे, मेणाची वाफ, हे सांगावे लागत नाही. ज्योतीचा पिवळा उजेड न जळालेल्या कार्बनच्या तापलेल्या कणांचा आहे, हे थंड चमचा क्षणभर ज्योतीत धरला की काळ्या काजळीच्या रूपाने दिसते. ज्योतीच्या बुडाची निळी किनार मात्र त्या कणांची नाही, आणि हा फरक मुले चमच्यावरून आपणहून काढतात.

हे सगळे पवित्र शनिवारच्या रात्रीसाठी. काळोखात नवा अग्नी पेटतो, त्यावरून पास्काची मेणबत्ती, तिच्यावरून सर्वांच्या मेणबत्त्या, आणि मग गायल्या जाणाऱ्या स्तुतिगीतात म्हटले जाते की ही ज्योत अनेकांत वाटली तरी उणी होत नाही. एका मुलाने गेल्या वर्षी मला पकडले: उणी होत नाही कारण प्रत्येक जण स्वतःचे मेण जाळतो, टीचर, मोठ्या मेणबत्तीचे थोडेच जाते. मी त्याला तेच गीत पुन्हा वाचायला दिले. पुढच्याच ओळीत मधमाशीने तयार केलेले आणि वितळून ज्योतीला पोसणारे मेण आहे. गीत रचणाऱ्याला काट्यावरचा आकडा ठाऊक होता म्हणायचा. मुलाने ती ओळ दोनदा वाचली आणि ‘मग ठीक आहे’ असे मोठ्या उदारपणे म्हणाला.

काही पालकांना हे सगळे पटत नाही. उपमा मोडून दाखवल्या तर मुलांची श्रद्धा डळमळेल, असे त्यांचे म्हणणे असते. त्यांची काळजी खरी आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे. मला भेटलेली दुरावलेली मुले मोडक्या उपमांमुळे दुरावली नव्हती; मोडलेली उपमा कोणीतरी त्यांच्यासमोर अखंड म्हणून रेटत राहिल्यामुळे दुरावली होती.

निळ्या टॉर्चसमोर हात धरणारी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. गेल्या रविवारी येशूच्या रूपांतराचा उतारा होता: डोंगरावर त्याचा चेहरा सूर्यासारखा तळपला आणि वस्त्रे प्रकाशासारखी शुभ्र झाली. तिने विचारले की तिथे लोलक धरला असता तर वर्णपट दिसला असता का, आणि दिसला असता तर त्यात सूर्याच्या वर्णपटात असतात तशा काळ्या रेषा असत्या का. मध्ययुगीन धर्मपंडित संत थॉमस अक्विनस यांनी तो प्रकाश कोणत्या प्रकारचा होता याची चर्चा केली आहे, एवढे मी तिला सांगितले. काळ्या रेषा मात्र सूर्याच्या वातावरणातले अणू विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषतात म्हणून पडतात. तिथे शोषणारे काय होते? पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांनी तो प्रकाश याच डोळ्यांनी पाहिला, म्हणजे काहीतरी दृष्टिपटलापर्यंत पोहोचले असणार, असे ती म्हणाली. तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, पोहोचलेच पाहिजे असे नाही. घंटा झाली तेव्हा दोघांचे अजून चालूच होते. येत्या रविवारी लोलक घेऊन ये, असे मी तिला सांगितले आहे.